वर देणारा सुटतो कसा?

जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी ओझरला विघ्नेश्वराची जी कथा सांगतात, तिच्यात खरा दोषी कोण हे ठरवणं सोपं नाही. राजा अभिनंदन यज्ञ मांडतो आणि इंद्राचा हविर्भाग वगळतो. अपमानाने पेटलेला इंद्र यज्ञ मोडण्यासाठी विघ्नासुर उत्पन्न करतो. असुर सांगितलेलं काम चोख बजावतो, पण तिथे थांबत नाही. एका राजाचा यज्ञ मोडून झाल्यावर सगळ्यांचीच धर्मकर्मं उधळत सुटतो. ऋषी गणपतीला साकडं घालतात, युद्ध होतं, असुर शरण येतो. गणपती त्याला मारत नाही. जिथे माझी पूजा चालेल तिथे तू फिरकायचं नाहीस, एवढी अट घालतो. असुर उलट मागणं करतो की देवाच्या नावात माझंही नाव असू दे, आणि ते मान्य होतं. इंद्राला मात्र कुणी जाब विचारत नाही. कथा ऐकणाऱ्याच्या मनात ती फट राहते, आणि माझ्या मते कथेचा सगळा जीव त्या फटीत आहे.

अद्भुतकथेचे वाचक जगभर आज ज्या प्रश्नावर हिरीरीने भांडतात तो नेमका हाच. शक्ती कुणी दिली, कोणत्या अटीवर दिली, आणि तिच्यातून अनर्थ झाला तर तो कुणाच्या खाती लिहायचा? अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी 2007 साली एक नियम मांडला. कथेतली जादू वाचकाला जितकी नीट समजलेली असेल, तितकाच लेखकाला त्या जादूने पेच सोडवण्याचा अधिकार. तेव्हापासून महाकाय अद्भुत कादंबऱ्यांत जादूची शिस्त हा प्रतिष्ठेचा विषय झाला. कोणता धातू गिळला की कोणतं बळ येतं, बळ किती वेळ टिकतं, त्याची किंमत काय, याचे हिशेब वाचक मांडतात आणि लेखक चुकला की त्याला पकडतात. ही शिस्त मला आवडते. पण तिच्यामुळे चर्चा किमतीवर अडकली. किंमत म्हणजे शक्ती वापरणाऱ्याला स्वतःला काय भोगावं लागलं. जबाबदारी म्हणजे त्या वापरामुळे दुसऱ्याला जे भोगावं लागलं त्याचं उत्तर कोण देणार. या दोन गोष्टींची गल्लत झाली की कथानायक थकला, रक्ताळला, वेडा झाला एवढ्यावरच त्याचं पापक्षालन झाल्यासारखं वाटू लागतं.

जुन्या पिढीतल्या लेखकांनी ही गल्लत केली नव्हती. अर्सुला ल गुइन यांच्या 1968 सालच्या अर्थसी कादंबरीत तरुण गेड फुशारकीपोटी एक सावली जगात मोकळी सोडतो आणि पुढचं सगळं पुस्तक त्या सावलीची जबाबदारी घेण्यात खर्ची पडतं. टॉल्किन यांच्या त्रयीत, जी मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणली आहे, जिच्या नाशासाठी निघाला ती शक्तिशाली अंगठी अगदी शेवटच्या पायरीवर टाकायला फ्रोडो नकार देतो. तो दोषी की नाही, यावर वाचकांनी खुद्द टॉल्किनना पत्रं पाठवून छळलं. टॉल्किन यांनी उत्तर दिलं की त्या क्षणी अंगठीचा दाब कुणाच्याही सोसण्यापलीकडे होता, म्हणून हे नैतिक अपयश मानता येणार नाही. उत्तर पटो न पटो, प्रश्न बरोबर जागी विचारला गेला होता.

मराठी मुलखाला हा वाद नवा नाही. वेताळाच्या पंचवीस कथा प्रेत खांद्यावर वाहणाऱ्या ज्या राजाला ऐकवल्या जातात त्याची राजधानी, सोमदेवाच्या कथासरित्सागरात, गोदावरीकाठचं प्रतिष्ठान आहे, म्हणजे आपलं पैठण. त्या नगरातला माल जुन्नरमार्गे नाणेघाटातून कोकणात उतरायचा. घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि त्यात कोणत्या यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली त्याच्या नोंदी कोरल्या आहेत. दान मोजून लिहिणाऱ्या या प्रदेशाच्या नावावर लोककथेने असा राजा चढवला की ज्याला दर मुक्कामाला दोषाचा हिशेब सांगावा लागतो. नियमही कडक आहे. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर.

त्यातली एक कथा मला फार मोलाची वाटते. घार साप पकडून झाडावर बसली आहे. मरणाऱ्या सापाच्या तोंडातलं विष खाली बसलेल्या भुकेल्या ब्राह्मणाच्या अन्नात ठिबकतं. अन्न एका गृहिणीने श्रद्धेने वाढलेलं आहे. ब्राह्मण मरतो. दोष कुणाचा? राजा म्हणतो, साप परवश होता, घार आपलं भक्ष्य खात होती, अन्न देणाऱ्यांनी धर्म पाळला. विचार न करता यांच्यापैकी एकाला जो दोषी ठरवेल, पाप त्याच्या माथी. हा निर्णय पळवाट नाही, कारण प्रत्येकाला काय ठाऊक होतं आणि कुणाच्या हातात काय होतं, हे एकेक तपासूनच राजा तिथवर येतो. चांदोबा मासिकातून विक्रम-वेताळ वाचत वाढलेल्या पिढ्यांना ही सवय कोवळ्या वयात लागली होती.

आणि ही सवय फक्त पुस्तकात नव्हती, तमाशाच्या बोर्डावरही होती. जुन्नर तालुक्यातलंच नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग यांचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी झाली की वग सुरू होतो, आणि वगाच्या पोतडीत पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक असं सगळं असतं. अद्भुताच्या दृष्टीने सगळ्यात पक्का वग म्हणजे ‘गाढवाचं लग्न’. दादू इंदुरीकरांनी तो गाजवला आणि मकरंद अनासपुरे यांच्या 2007 सालच्या चित्रपटामुळे तो नव्या प्रेक्षकालाही ठाऊक आहे. इंद्राच्या दरबारातला गंधर्व शापाने गाढव होऊन पृथ्वीवर पडतो, सावळ्या कुंभाराच्या दारी येतो, आणि राजकन्येशी लग्न झालं तरच त्याचा उःशाप.

या वगाची रचना जवळून पाहा. शाप देणारा वर स्वर्गात. शाप भोगणारा गाढव झालेला. पण राजापुढे जाऊन गाढवासाठी मुलीचा हात मागायचा कुणी, तर सावळ्याने. जीव जाईल तर त्याचा. ज्याने काही केलं नाही त्याच्या गळ्यात सगळी जोखीम पडते, आणि सोंगाड्याचा प्रत्येक विनोद या अन्यायातून उगवतो. प्रेक्षक पोट धरून हसतो ते गाढव बोलतं म्हणून नाही. देवादिकांच्या भांडणाची झळ कुंभाराच्या घराला लागते आणि सावळ्या व त्याची बायको गंगी त्यावर तोंड बंद ठेवत नाहीत, म्हणून हसतो. गावगाड्यात वरच्याचा हुकूम आणि खालच्याचा भोग ज्यांनी पाहिला होता, त्यांनी उभी केलेली ही अद्भुतकथा आहे. जादूची जबाबदारी या प्रश्नावर मराठीत इतकं स्पष्ट बोलणारी दुसरी कलाकृती मला सापडत नाही.

त्या वगाची आजची अवस्था वाईट आहे. यात्रेत मागणी गाण्यांची. सिनेमाची गाणी एकामागून एक झाली की रात्र सरते, वग आखडतो, कुठे कुठे उभाच राहत नाही. कोरोनाच्या काळात जत्रा बंद राहिल्या, फडमालक कर्जात रुतले, आणि जे पुन्हा उभे राहिले त्यांना लोकांना हवं ते देणं भाग पडलं. त्यांना बोल लावायचा नाही. पण शाप आणि उःशापाचा हिशेब उघड्या मैदानात हजारो लोकांसमोर मांडणारी एक जागा कमी झाली, हे नुकसान साहित्याचंही आहे, आणि साहित्यवाले त्याची दखलही घेत नाहीत.

छापील कादंबरीकडे वळलं की वेगळीच गोष्ट दिसते. मराठी कादंबरीचा सुरुवातीचा काळ बराचसा अद्भुतरम्य होता. ‘मुक्तामाला’ 1861 ची, ‘मंजुघोषा’ 1868 ची. हरिभाऊ आपट्यांनी 1885 पासून तिला घरात, वाड्यात, विधवेच्या खोलीत आणलं. ते फार मोठं काम होतं. पण त्यानंतर अद्भुत हा प्रकार ‘वीरधवल’सारख्या पुस्तकांपुरता, मुलांपुरता किंवा भयकथेपुरता उरला. मोठ्यांच्या गंभीर कादंबरीत अद्भुत आलं ते महाभारताच्या दारातून, आणि आत येताना जादू उंबऱ्याबाहेर ठेवून आलं.

मराठी वाचकांचा जबाबदारीवरचा सगळ्यात लांबलेला वाद कर्णाचा आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ला अर्धशतक उलटून गेलं तरी तो कॉलेजच्या कट्ट्यावर आणि लग्नाच्या पंगतीत तितक्याच तावातावाने चालतो. महाभारतातल्या कर्णाभोवती नियमांचं जाळं अतिशय काटेकोर आहे. परशुरामाला खोटं सांगून विद्या मिळवली, म्हणून ऐन गरजेला अस्त्र आठवणार नाही. कवचकुंडलं इंद्राला दिली, बदल्यात एकदाच वापरता येईल अशी शक्ती मिळाली, आणि ती घटोत्कचावर खर्च झाली. सँडरसनच्या चाहत्यांना हेवा वाटावा इतकी ही शिस्त चोख आहे. ‘मृत्युंजय’मध्ये मात्र हे नियम नियतीच्या एका मोठ्या प्रवाहात विरघळतात. कर्णावर अन्याय होत राहतो, वाचकाचे डोळे भरून येतात, आणि द्यूतसभेपाशी पोचेपर्यंत तो कर्णाला माफ करायला तयारच असतो. इथे मी कर्णाच्या चाहत्यांशी भांडतो. अस्त्र विसरण्याचा शाप होता, रथाचं चाक गिळलं जाण्याचा शाप होता. द्रौपदीबद्दल त्या सभेत जे बोलला ते बोलताना त्याच्या जिभेवर कुणाचा शाप नव्हता.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये उलट टोक गाठलं. देवांचा हात काढून घेतला, माणसं उरली, आणि प्रत्येकाला त्याच्या कृत्याबद्दल विचारलं. त्या पुस्तकाचं ऋण फार मोठं आहे. पण जादू काढली की वर देणाराही सुटतो. कुंतीच्या हाती, कोवळ्या पोरीच्या हाती, तसा मंत्र ठेवणाऱ्या दुर्वासाला मग काय विचारणार? जादू ठेवायची आणि जबाबदारीही ठेवायची, ही तिसरी वाट खांडेकरांच्या ‘ययाति’त होती. ययातीला अकाली वार्धक्य देणाऱ्या शुक्राचार्यांच्या शापात एक कलम आहे: वार्धक्य दुसऱ्या कुणी स्वेच्छेने घेतलं तर देता येईल. शाप हस्तांतरणीय झाला त्या क्षणी सगळा दोष ययातीच्या अंगावर येतो, कारण आता त्याच्यापुढे निवड आहे आणि समोर स्वतःचा मुलगा उभा आहे. 1959 च्या या कादंबरीची चर्चा भोगवाद आणि संयम यांच्यावर झाली. त्या कलमावर पुरेशी झाली नाही.

भयकथाकार नारायण धारपांना समीक्षेने जवळ केलं नाही, वाचकांनी केलं. त्यांच्या पुस्तकांत नियम असतात आणि नियम मोडणाऱ्याला नाव, गाव, घर असतं. ‘तुंबाड’ या 2018 च्या राही अनिल बर्वे यांच्या चित्रपटात त्या परंपरेचा अंश स्पष्ट दिसतो. हस्तर हा शापित देव, पिठाचं रिंगण, सोन्याची नाणी, सगळं नियमाने बांधलेलं. आणि चित्रपट नायक विनायकला एवढंच विचारत नाही की तू लोभी का झालास. तो त्याला मुलाला नाणी मिळवण्याची विद्या शिकवताना दाखवतो. बाप मुलाच्या हाती काय ठेवतो, हा ओझरच्या इंद्राचाच प्रश्न आहे. मातीपासून माणसांपर्यंत मराठी असलेली ही कथा हिंदीत झाली. आज मराठी तरुण अद्भुत वाचतो ते इंग्रजीत किंवा अनुवादात, आणि लिहू पाहतो तेव्हा बहुधा परक्या बर्फातले किल्ले आणि परक्या नावांचे जादूगार घेऊन बसतो. कौशल्य कमी नाही. विषय आपला वाटत नाही एवढंच.

विषय तर दारात आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाज वसुबारसेला वाघबारस पाळतो. वाघोबाला नैवेद्य, त्याने गुराढोरांवर नजर ठेवू नये, असा तो करार. पूर्वेकडे धरणांचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्याची मादी व्याली. 2001 च्या सुमाराला पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडले गेले, तर जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले, असं विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडलेले बिबटे आजही पिंजऱ्यात आहेत, आणि रात्रीच्या विजेवर पाणी भरायला गेलेला शेतकरी बॅटरी फिरवत बांधावर उभा आहे. धरण बांधणारा, ऊस लावणारा, साखर खाणारा, पिंजरा लावणारा, सोडून येणारा, आणि वाघोबाशी करार केलेला डोंगरातला गुराखी, ज्याने यातलं काहीच केलं नाही. घार, साप आणि अन्न वाढणारी गृहिणी यांच्यासारखी ही माणसं एका ओळीत उभी आहेत. डोंगरात केलेला करार उसात लागू होतो का, आणि तो मोडला असेल तर आधी कुणी मोडला, या एका नियमावर तीन खंडांची कादंबरी उभी राहू शकते. ती लिहिणाऱ्याने वाघोबाला खरा धरावा. रूपक करून टाकू नये.