वेदनेची प्रश्नावली आणि मराठीची क्रियापदे

जुनाट वेदनेवर एकट्या वैद्याने नव्हे, तर निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन उपचार करावेत, हा विचार जॉन बोनिका यांनी १९५३ साली आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडला. आज तो सामान्यतः मान्य झाला आहे. मात्र या सहकार्याचे पहिले साधन भाषा होय, याचा विसर सहज पडतो. प्रस्तुत टिपणात त्या साधनाच्या एका प्रसिद्ध नमुन्याचे परीक्षण करावयाचे आहे.

रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या मॅकगिल वेदना-प्रश्नावलीत ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. वेदना 'किती' एवढेच न विचारता ती 'कशी' हेही तिने विचारले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि तिचे शब्द विशेषणरूप आहेत. वेदना ही एक वस्तू असून तिला गुण चिकटवता येतात, असे त्यांत गृहीत आहे. हॅलिडे यांनी १९९८ साली इंग्रजीतील वेदनेच्या व्याकरणाचा विचार करताना, तीच वेदना कधी वस्तू, कधी गुण, तर कधी क्रिया म्हणून व्यक्त होते, हे दाखविले आहे.

मराठीचा कल क्रियेकडे आहे. गळू ठसठसते, डोळे चुरचुरतात, हाडे ठणकतात. येथे कर्ता अवयव आहे. पायाला मुंग्या येतात, पोटात कळ येते, कमरेत उसण भरते; येथे वेदनाच कर्ता होऊन येते व जाते आणि दुखणाईत माणूस 'मला' या रूपाने बाजूस उभा राहतो. या क्रियापदांत काळ व लय सामावलेली आहे. 'ठसठसणे' थांबत-थांबत चालते. 'उसण' एकाएकी भरते. यांचे विशेषणांत भाषांतर केले, की नेमका हाच तपशील गळून पडतो.

हा केवळ वैयाकरणाचा हट्ट नव्हे. पायांची आग होणे व मुंग्या येणे ही लक्षणे एकत्र आढळली असता मज्जातंतूच्या विकाराचा संशय घ्यावा लागतो, आणि त्या विकारावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. उस्मानपुऱ्यासारख्या वस्तीत मराठीशेजारी दखनीही कानी पडते. तेथील मोलकरीण 'पायाची लाही होते' म्हणते, ऐकणारा 'पाय दुखतात' असे सांगतो आणि कागदावर 'वेदना : ७' एवढेच उरते. जेथे डॉक्टरांची भेट काही मिनिटांचीच असते, तेथे ही गळती रुग्णाला महाग पडते.

अंक निरुपयोगी आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. एकाच रुग्णाचा आजचा अंक मागील महिन्याच्या अंकाशी ताडून उतार पडला की नाही, हे कळते. परंतु अंक शब्दाची जागा घेऊ शकत नाही.

यावर उपाय आपल्याच प्रांतात सुचलेला आहे. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे आरंभिलेल्या प्रकल्पात गावच्या स्त्रियांना, त्यांतील अनेक निरक्षर असता, आरोग्यसेविका म्हणून शिकविले. तेथील उद्दिष्ट वेदनोपचारापुरते नव्हते; पण रुग्णाची बोली जाणणारी व्यक्ती उपचारमंडळातच हवी, हा धडा त्यातून घेता येतो. २००५ नंतर नेमल्या गेलेल्या आशा कार्यकर्तीकडेही केवळ निरोप्या म्हणून पाहू नये. डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ व समुपदेशक यांच्या बैठकीत तिने रुग्णाचे वाक्य जसेच्या तसे सांगावे. ते प्रथम लिहावे, अंक नंतर.

आपल्या विभागाचे कामही येथेच आहे. मराठवाडी बोलीतील वेदनावाचक क्रियापदे कोणत्या अवयवाशी व कोणत्या विभक्तीसह येतात, याची नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वैद्यांच्या सोबतीने करावयास हवी. आयत्या प्रश्नावलीचे भाषांतर त्यानंतर करावे. तोवर रुग्णाचे वाक्य हाच प्रमाण पाठ मानणे इष्ट होय.