पट्टी लावून पाहावे

'पवित्र भूमिती'वरच्या पुस्तकांत नॉटिलस या सागरी प्राण्याच्या उभ्या कापलेल्या कवचाचे चित्र हमखास असते. शेजारी १.६१८ हे सुवर्णगुणोत्तर, आणि सृष्टीचे गूढ त्यातच दडले असल्याचा सूर!

चित्र सुंदरच आहे. आमची तक्रार आकड्याबद्दल आहे. सुवर्ण सर्पिल एका पूर्ण वेढ्यात केंद्रापासून सुमारे ६.८५ पट दूर जाते. नॉटिलसच्या कवचात ही वाढ साधारण तिप्पटच भरते. दर वेढ्याला ठराविक पटीने वाढणे, एवढेच दोहोंत साम्य. प्राणी कवचाच्या तोंडाशी भर घालत जातो. आकार तोच राहून माप वाढले की असे सर्पिल आपोआप बनते, त्याला १.६१८ची गरज नसते.

लुका पाचोलीने १५०९ साली छापलेल्या ग्रंथात या गुणोत्तराला 'दैवी' म्हटले. पण त्याने गुणोत्तराच्या गुणधर्मांची ईश्वराच्या गुणांशी तुलना केली होती. ती उपमा होती, मोजमाप नव्हे.

मग निसर्गात हे गुणोत्तर नाहीच का? आहे. सूर्यफुलातील बियांच्या सर्पिल ओळी मोजल्यास एका दिशेने ३४, दुसरीने ५५ अशा संख्या पुष्कळदा मिळतात. ५५ भागिले ३४ म्हणजे सुमारे १.६१८. हे मोजून कळते.

म्हणून शिक्षकांनी नॉटिलसचे चित्र वर्गात जरूर दाखवावे, पण सोबत पट्टीही द्यावी. केंद्रातून एक रेषा काढून लागोपाठच्या दोन वेढ्यांपर्यंतची अंतरे मोजावीत आणि भागाकार करावा. उत्तर आधीच सांगितले, तर मुले नुसती माना डोलावतील.