‘रेणू कंप पावतो’ : एका विधानाची चिकित्सा

‘रेणू सदैव कंप पावत असतो’ हे वाक्य विज्ञान मराठीतून सांगताना आपण सहज लिहून जातो. त्यातील पदार्थविज्ञान पारखण्याचा अधिकार त्या विषयाच्या अभ्यासकांचा. परंतु त्यातील क्रियापदाची तपासणी भाषाभ्यासकाला टाळता येणार नाही.

‘पावत असतो’ हे रूप कालक्रम गृहीत धरते : आता अणुकेंद्रे जवळ आली, मग दूर गेली. दोन गोळे व मधली स्प्रिंग या चित्राला ते शोभते. परंतु बॉर्न व ओपेनहाइमर यांनी १९२७ मध्ये केंद्रांची गती इलेक्ट्रॉनांच्या गतीपासून वेगळी करण्याची जी रीत दिली, तिने हायड्रोजनच्या रेणूचा विचार केल्यास न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेत केंद्रांमधील अंतराची संभाव्यता काळानुसार मुळीच बदलत नाही. जे बदलत नाही, त्याला ‘कंप पावणे’ कसे म्हणावे?

मग रेणू ‘स्तब्ध’ आहे म्हणावे काय? तेही अयुक्त होय. हायड्रोजन व ड्यूटेरियम यांच्या रेणूंतील इलेक्ट्रॉनांची रचना जवळजवळ एकच. तरीही ते तोडण्यास अनुक्रमे ४.४८ व ४.५६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. हा भेद मुख्यतः न्यूनतम अवस्थेतही उरणाऱ्या कंपन-ऊर्जेचा आहे. हलक्या केंद्रांच्या ठायी ती अधिक, म्हणून तो रेणू कमी ऊर्जेने तुटतो. केंद्रे खरोखर स्तब्ध असती, तर हा भेद संभवला नसता.

मराठीला असा विवेक अपरिचित नाही. ‘तो बसत आहे’ ही क्रिया, ‘तो बसला आहे’ ही स्थिती. तद्वत येथे ‘रेणू कंपनाच्या न्यूनतम अवस्थेत आहे’ ही रचना अधिक प्रामाणिक ठरते. ती रुक्ष आहे, हा आक्षेप मान्य. परंतु जिवंत क्रियापदाने शिकलेला विद्यार्थी पुढे विचारतो, ‘हे कंपन थांबत का नाही?’ हा प्रश्न रेणूने नव्हे, आपल्या वाक्याने निर्माण केलेला असतो.

तथापि क्रियापद सर्वथा त्याज्य नाही. भिन्न ऊर्जेच्या अनेक अवस्थांचा संयोग झाला की संभाव्यता काळानुसार खरोखर हेलकावते. अहमद झेवैल यांनी १९८० नंतरच्या दशकात अतिसूक्ष्म कालावधीच्या लेसर-स्पंदांनी सोडियम आयोडाइडच्या रेणूत अशी गती टिपली. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेथे ‘रेणू कंप पावतो’ हे विधान यथार्थ आहे. स्थिती कोठे संपते व क्रिया कोठे सुरू होते, हे परिभाषाकोशातील नाम सांगणार नाही. ते लेखकाने निवडलेल्या क्रियापदानेच सांगितले पाहिजे.