वर्गाध्यापनातील विनामूल्य आंतरजालीय साधने : वडोदऱ्यातील मराठी वर्गाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

विनामूल्य साधनांद्वारे शिक्षण ही कल्पना वडोदऱ्याला नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्या हाती ग्रंथालयांची उभारणी सोपविण्यात आली. पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत विनामूल्य फिरू लागल्या. निरक्षरांसाठी मॅजिक लँटर्न, स्टिरिओस्कोप व चलच्चित्रे यांचा उपयोग करणारी दृश्यशिक्षणाची शाखाही या खात्यात होती. १९१२ मध्ये सुरू झालेले या चळवळीचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघत असे. साधन विनामूल्य असावे, तसेच ते लोकांच्या भाषेत असावे, अशी ही दुहेरी दृष्टी होती. आजच्या आंतरजालीय साधनांना हीच कसोटी लावणे उचित ठरेल.

साधनांचे सामर्थ्य

भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाईमन यांच्या पुढाकाराने कोलोराडो विद्यापीठात २००२ मध्ये 'फेट' हा प्रकल्प सुरू झाला. त्यातील विद्युत मंडलाच्या प्रतिरूपात विद्यार्थी पडद्यावरच घट, तारा व दिवे जोडतो आणि तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन पाहतो. दिव्यात वीज 'खर्च होते', म्हणून दिव्यापुढे प्रवाह कमी होतो, असा अनेक मुलांचा समज असतो. दिव्याच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉन सारख्याच गतीने सरकताना दिसले की या समजाला धक्का बसतो. फळ्यावरील आकृतीने हे साधत नाही. कोलोराडोतीलच २००५ मधील एका अभ्यासात प्रत्यक्ष उपकरणांऐवजी हे प्रतिरूप वापरणारे विद्यार्थी संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरले.

मर्यादा

मात्र या निष्कर्षाचा हवाला देताना एक बाब विसरली जाते. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते व त्यांच्या हाती क्रमवार आखलेली प्रश्नावली होती. प्रश्नावलीवाचून साठ मुलांपुढे तेच प्रतिरूप प्रक्षेपकावर दाखविले, तर ती केवळ करमणूक ठरते. शिवाय पडद्यावरचे इलेक्ट्रॉन हे प्रत्यक्ष दर्शन नसून कल्पनाचित्र आहे, हेही शिक्षकालाच सांगावे लागते.

'जिओजेब्रा'बाबतही असेच म्हणता येईल. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला तरी कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे मूल पाहते. परंतु दहा वेळा पाहणे म्हणजे सिद्धता नव्हे. दाखविलेली मापे दोन दशांश स्थळांपर्यंतच असल्याने त्यांची बेरीज कधी १८०.०१ येते. हा फरक कोठून आला, असे विचारणारा शिक्षक असेल तर तोच गणिताचा उत्तम तास होतो. नसेल तर मुलाच्या मनात घोटाळा राहतो.

विनामूल्य म्हणजे कायमस्वरूपी, असेही नाही. २०२० च्या अखेरीस 'फ्लॅश' हे तंत्र बंद झाले आणि त्यावर आधारलेले कितीतरी शैक्षणिक खेळ निरुपयोगी ठरले.

भाषेचा प्रश्न

गुजरात राज्य शाळा पाठ्यपुस्तक मंडळ गुजरातीखेरीज मराठी व उर्दू माध्यमांसाठीही पुस्तके काढत आले आहे. त्यामुळे वडोदऱ्यातील मराठी वर्गाचा पाठ्यक्रम गांधीनगरचा आणि भाषा मात्र मराठी, अशी स्थिती आहे. 'दीक्षा' या २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मंचावरील महाराष्ट्राचे मराठी साहित्य बालभारतीच्या क्रमाने चालते. गुजरातचे साहित्य पाठ्यक्रमाशी जुळते, पण ते मुख्यतः गुजरातीत असते. परिभाषेतही भेद आहे. मराठीत ज्याला 'चाल' म्हणतात, त्याला गुजरातीत 'झडप' म्हणतात. मराठी मुलाच्या लेखी झडप घालते ती घार. उर्दू वर्गाची अडचणही याच जातीची आहे. विनामूल्य साधनांचा साठा वाढला, म्हणून या मुलांचा वाटा आपोआप वाढत नाही. उलट दोन राज्यांच्या मध्ये ती मागे राहण्याचा धोका आहे.

निष्कर्ष

यावर उपाय खर्चिक नाही. 'फेट'मधील एका प्रतिरूपात भाषांतर करण्याजोगे शब्द थोडेच असतात, आणि ती सोय प्रकल्पानेच ठेवली आहे. वडोदऱ्यातील अध्यापक-विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातील परिभाषेनुसार मराठी व उर्दू रूपे सिद्ध केली, तर ते प्रात्यक्षिकाचे सार्थ काम होईल. वर्गात साधन उघडण्यापूर्वी मुलांनी आपला अंदाज वहीत लिहावा, मग निरीक्षण करावे आणि दोहोंतील फरकाचे कारण सांगावे. जोडणी खात्रीची नसेल तेथे साधन आधीच संगणकात उतरवून ठेवावे.

संगणक बसविल्याची नोंद अहवालात होते. त्यावर मुलाला त्याच्या भाषेत कोणता प्रश्न विचारला गेला, याची नोंद होत नाही. साधनाची खरी परीक्षा मात्र तेथेच आहे.