पुलित्झर पुरस्कार : परीक्षकांचा कौल आणि मंडळाचा निर्णय

वृत्तपत्र-व्यवसायात विपुल संपत्ती आणि तितकीच टीका मिळविलेल्या जोसेफ पुलित्झर यांनी १९०४ च्या मृत्युपत्राद्वारे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेचे विद्यालय व वार्षिक पारितोषिके यांसाठी देणगी ठेवली. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले व १९१७ मध्ये पहिली पारितोषिके दिली गेली. पत्रकारिता आणि साहित्य यांच्या जोडीला १९४३ मध्ये संगीताचे पारितोषिक आले. या पुरस्कारांचा विचार बहुधा विजेत्यांच्या नामावलीवरून केला जातो. तथापि, त्यांची मर्यादा नाकारलेल्या शिफारशींच्या इतिहासातून अधिक स्पष्ट होते.

निवडीची रचना द्विस्तरीय आहे. त्या त्या क्षेत्रातील जाणकारांची परीक्षक समिती शिफारस करते आणि अंतिम निर्णय पुलित्झर मंडळ घेते. मंडळात संपादक-पत्रकारांचे प्राबल्य राहिले आहे. बातमीदारीच्या मूल्यमापनात ही रचना स्वाभाविक ठरते. कादंबरी, नाटक व संगीत यांच्या बाबतीत मात्र तिने वारंवार संघर्ष निर्माण केला.

पुलित्झर यांना अमेरिकन जीवनाचे समग्र वातावरण रेखाटणारी कादंबरी अभिप्रेत होती. विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांनी 'समग्र' या अर्थाच्या शब्दाच्या जागी 'सात्त्विक' या अर्थाचा शब्द आणला आणि वाङ्मयीन निकष नैतिक निकष बनला. १९२१ मध्ये परीक्षकांनी सुचविलेली सिंक्लेअर लुईस यांची 'मेन स्ट्रीट' डावलून इडिथ व्हॉर्टन यांच्या कादंबरीला पारितोषिक दिले गेले. १९२६ मध्ये लुईस यांनी 'ॲरोस्मिथ'साठीचे पारितोषिक नाकारताना नेमक्या याच निकषावर आक्षेप घेतला. १९७४ मध्ये परीक्षकांनी एकमताने सुचविलेली टॉमस पिंचन यांची 'ग्रॅव्हिटीज रेनबो' मंडळाने फेटाळली व त्या वर्षी कथात्म साहित्याचे पारितोषिकच दिले गेले नाही. २०१२ मध्येही तीन अंतिम पुस्तकांपैकी एकालाही मंडळात बहुमत मिळाले नाही.

परीक्षक तज्ज्ञ असल्याने संकुचित असतात आणि मंडळ व्यापक वाचकाचे प्रतिनिधित्व करते, असा युक्तिवाद येथे संभवतो. संगीतातील उदाहरण तो खोडून काढते. १९६५ मध्ये परीक्षकांनी जॅझ-संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या समग्र कार्याच्या विशेष गौरवाची शिफारस केली. लोकप्रिय परंपरेचे मोल ओळखणारे येथे तज्ज्ञच होते आणि ते नाकारणारे मंडळ. तीनपैकी दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. जॅझ-रचनेला पहिले पारितोषिक १९९७ मध्ये विन्टन मार्सालिस यांच्या रूपाने मिळाले. एलिंग्टन यांचा विशेष गौरव १९९९ मध्ये झाला, तेव्हा त्यांच्या निधनाला पंचवीस वर्षे लोटली होती. २०१८ मध्ये रॅप-गायक केंड्रिक लामार यांना संगीताचे पारितोषिक देण्यात आले. चूक उशिरा दुरुस्त झाली. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तिचा लाभ झाला नाही.

मंडळाची अभिरुची चुकणे हा येथील मुख्य दोष नव्हे. अभिरुची कोणाचीही चुकू शकते. मंडळाची चर्चा गोपनीय राहते आणि शिफारस नाकारण्याची कारणमीमांसा वाचकांसमोर येत नाही, हा खरा दोष होय. १९८० पासून अंतिम यादीतील नावे जाहीर होतात, ही त्यातील स्वागतार्ह सुधारणा आहे. तिच्यामुळेच निकालाची चिकित्सा काही अंशी शक्य होते.

हा प्रश्न मराठी अभ्यासकांना परका नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोबाड घांदी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार रद्द केला व निवड समितीही बरखास्त केली. पुलित्झर मंडळ ही शासकीय यंत्रणा नाही, त्यामुळे दोन्ही घटना एका मापाने मोजता येत नाहीत. परंतु परीक्षकांनी ग्रंथ वाचून दिलेला कौल कोणत्या अधिकाराने व कोणत्या कारणाने बदलावा, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे. या प्रश्नाला लेखी व जाहीर उत्तर देण्याची तयारी जोवर पुरस्कार देणारी संस्था दाखवीत नाही, तोवर तिचा निकाल हा सत्तेचा निर्णय राहतो. त्याला समीक्षेचे मूल्य प्राप्त होत नाही.