डोळे कोणाचे मिटलेले? नलिनी मलानींच्या कलेविषयी

मंडळी, पडद्यावरचं हे पान १९२९ सालच्या एका फ्रेंच नियतकालिकातलं. मधोमध रने माग्रितने रंगवलेली विवस्त्र बाई, भोवती सोळा अतिवास्तववाद्यांचे फोटो. सगळे पुरुष, सगळ्यांचे डोळे मिटलेले. स्वप्न पाहणारे ते, स्वप्नात दिसणारी ती.

आता नलिनी मलानी. जन्म कराचीचा, १९४६चा. फाळणीत घर तिकडेच राहिलं. १९६४ ते १९६९ मुंबईत जे. जे.मध्ये शिक्षण. पुढे अकबर पदमसींच्या कार्यशाळेत त्यांनी कॅमेऱ्यावाचून छायाचित्रं केली. मान रेनेही पॅरिसात तशी केली होती. २०१९ साली त्यांना जोन मिरो पुरस्कार मिळाला. तेव्हा नातं आहेच. पण ‘अतिवास्तववादी’ असा शिक्का मारून मोकळं होणं आम्हाला पटत नाही.

का, ते २०१२च्या ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’मध्ये दिसतं. कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात त्यांनी मांडलेलं हे काम. पारदर्शक मायलरचे पाच मोठे दंडगोल, उलट बाजूने रंगवलेले, टांगलेले, संथ फिरणारे. त्यांतून चित्रफितींचा प्रकाश जातो आणि भिंतींवर सावल्या धावू लागतात. नाव फैजच्या कवितेवरून. आत महाश्वेतादेवींची द्रौपदी आहे, ग्रीकांची कॅसांड्रा आहे. कॅसांड्राला पुढचं सगळं दिसतं, पण तिचं कोणी खरं मानत नाही. म्हणजे बघा, पाहणारी आता बाई आहे, आणि डोळे मिटलेत ते आपण!

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्यांना इथे प्लेटोची गुहा आठवणारच. फरक एवढाच की त्या गुहेतल्या कैद्यांना सावल्या पाडणारा दिवा दिसत नाही. इथे दिवा, दंडगोल, सगळं उघड्यावर आहे. फसवणूक नाही, तरी भीती वाटते. ब्रेतोंच्या मंडळींना स्वप्नात मुक्ती हवी होती. मलानींच्या दुःस्वप्नाला इतिहास आहे, तारखा आहेत.

एक तक्रार मात्र आहे. संदर्भांची गर्दी फार होते. मेडिया, सीता, अ‍ॅलिस, कॅसांड्रा... बघणारा दमतो हो.

म्हणून आम्हाला १९९२चं साधं काम अधिक जवळचं वाटतं : ‘सिटी ऑफ डिझायर्स’. मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांनी थेट भिंतींवर चित्रं काढली आणि प्रदर्शन संपल्यावर ती चुन्याने पुसली. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं दुर्लक्षाने नष्ट होत होती, त्याची ती आठवण. आपल्या शिळफाट्याला भिंती निवडणुकीपुरत्या रंगतात, मग पुसल्या जातात. आपण ढुंकूनही पाहत नाही. मलानींनी पुसणं चारचौघांत केलं, विकायला काही ठेवलं नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई पेटली. त्या भिंतींचे फोटो उरलेत. दिवे जरा मालवा, पाहू.