सातबारा : रचना म्हणून वाचताना

रिलेशनल डेटाबेस शिकविताना पुस्तकांत बहुधा विद्यार्थी, विषय आणि गुण अशी तीन कोष्टके दिलेली असतात. उदाहरण चूक नाही, पण त्यात कोणाचे काही बिघडत नाही, आणि जेथे काही बिघडत नाही तेथे रचनेचे महत्त्व मुलांना कळत नाही. शाहूवाडी तालुक्यातल्या शिक्षकाला याहून चांगले उदाहरण मुलांच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत मिळेल. ते म्हणजे सातबारा. शेताचा पुरावा म्हणून आपण तो नेहमीच वाचतो. येथे तो माहितीची रचना म्हणून वाचावयाचा आहे.

प्रथम गुण. सातबारा हा एक तक्ता नाही. गाव नमुना ७ मध्ये एका गटावर कोणाचे काय हक्क आहेत ते असते, नमुना १२ मध्ये त्या गटात वर्षावर्षाला घेतलेली पिके. ८अ मध्ये खातेदारनिहाय जमीन असते, आणि हक्कात बदल का झाला याची हकीकत नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. ही हकीकत सातबाऱ्यावर पुन्हा लिहिली जात नाही. तेथे फक्त फेरफार क्रमांक येतो. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर तो वर्तुळात लिहिलेला दिसेल. दुसऱ्या कोष्टकातील ओळ शोधण्यासाठी तिचा क्रमांक तेवढा जवळ ठेवणे, यालाच संगणकवाले 'फॉरेन की' म्हणतात. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी रिलेशनल पद्धतीचा मूळ लेख १९७० साली लिहिला, पण महसुली कारकुनांना ही युक्ती त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होती. (कॉड यांच्या लेखात 'रिलेशन' म्हणजे कोष्टकांमधील नाते नव्हे, खुद्द कोष्टकच. संचांचे गणित शिकविणाऱ्यांनी हा घोटाळा वर्गात जरूर दूर करावा.)

आता दोष पाहू. नमुना ७ आणि ८अ या दोहोंत एकच गोष्ट लिहिलेली असते : अमुक खात्याकडे अमुक गटातील इतके क्षेत्र. एका गटात अनेक खाती आणि एका खात्यात अनेक गट असे हे नाते आहे. कागदावर ते दोनदा लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण तलाठ्याला कधी गटावरून माणूस शोधायचा असे, तर कधी माणसावरून गट. दुहेरी लिखाण ही शोधण्याच्या सोयीची किंमत होती. एकीकडे नोंद दुरुस्त झाली आणि दुसरीकडे राहिली की दोन उतारे दोन आकडे सांगणार. संगणकात गट, खाते व क्षेत्र एवढेच एक जोडकोष्टक पुरे. ७ आणि ८अ ही मग कोष्टके राहत नाहीत, त्याच कोष्टकाला विचारलेल्या दोन प्रश्नांची ती उत्तरे ठरतात. कागदाचा नमुना जसाच्या तसा पडद्यावर उतरविणे म्हणजे संगणकीकरण, ही समजूत म्हणूनच मला घातक वाटते.

दुसरा दोष ओळखीचा. गट क्रमांक एका गावापुरताच वेगळा असतो, तेव्हा ओळख पटविण्यास गावही हवे. पण गावाचे नाव पुरते का? शाहूवाडी तालुक्यात मलकापूर आहे, कराड तालुक्यात मलकापूर आहे आणि बुलढाणा जिल्ह्यातही आहे. एकदा पावसाचे आकडे एकत्र करताना सह्याद्रीलगतच्या मलकापुरात जुलैमध्ये इतका कमी पाऊस कसा, म्हणून मी दोन दिवस डोके खाजवीत बसलो होतो. आकडा विदर्भातला निघाला. कोष्टकात गाव नावाने ओळखण्याची चूक माझीच होती. सातबाऱ्याच्या २०२० सालच्या सुधारित नमुन्यात गावाच्या नावापुढे शासकीय संकेतांक आला आणि पूर्वी 'इतर हक्क' रकान्यात असलेला खाते क्रमांक खातेदाराच्या नावाजवळ आला. हे दोन्ही बदल मी रचनेतील खऱ्या सुधारणा मानतो. 'इतर हक्क' हा रकाना मात्र अजून अडगळीच्या खोलीसारखाच आहे. कर्जाचा बोजा, विहिरीचा हिस्सा, वाट, सारे एकत्र. एका चौकटीत एकच मूल्य, हा पहिला नियमच तेथे मोडतो.

सर्वांत गंभीर दोष नावाच्या रकान्यात आहे. नावामागे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लिहिलेले आढळते. दिसायला ही नावाची शेपटी, पण खरे तर ते नाते आहे : हा माणूस आणि त्याचे भाऊ-बहिणी. नात्याचे दुसरे टोक कोठेच नोंदलेले नसते. भाऊ मुंबईच्या गिरणीत गेले, बहिणी सासरी गेल्या, आणि गावी राहिलेल्याचे नाव तेवढे उताऱ्यावर उरले. 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, याचेही तेच. अज्ञान असणे हा कायमचा गुण नव्हे, तो जन्मतारखेवरून दरवेळी काढायचा. तारखेऐवजी निष्कर्षच नोंदविला, तर मूल पन्नाशीचे झाले तरी कागदावर अज्ञानच राहते. खाते क्रमांकानेही हे सुटत नाही, कारण तो खात्याची ओळख आहे, माणसाची नव्हे. एकाच माणसाचे स्वतःचे एक खाते आणि भावांबरोबर सामाईक दुसरे असू शकते.

हस्तलिखित व संगणकीय उतारे जुळविण्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. मृत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी २०२५ साली 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. दोन्ही वेळा गाळलेले नाते माणसांनीच सांगावे लागले, कारण जे कोष्टकात कधी लिहिलेच नाही ते यंत्र कोठून शोधणार?

या तालुक्यातील एका शाळेत आठवीच्या मुलांबरोबर मी हा खेळ खेळलो. पिवळ्या चिठ्ठ्यांवर गट, पांढऱ्यांवर खाती, आणि जोडणारा दोरा म्हणजे क्षेत्र. सर्व उतारे काल्पनिक होते. अर्ध्या तासात फळ्यावर जाळे तयार झाले. मग एका मुलीने विचारले, "सर, आत्याची चिठ्ठी कुठं लावायची?" तिच्यासाठी माणसांचे कोष्टक वेगळे करावे लागले, माणूस व खाते यांना जोडणारे आणखी एक करावे लागले, आणि पहिले सर्व दोरे सोडून आम्ही पुन्हा बांधायला बसलो.